समोरच्या दाताचा फायबर ब्रिज: खरंच किती टिकतो?

रंकाळाकाठी (१९ फेब्रुवारी, रात्री)

मंडळी, प्रश्न दाताचा आहे, पण सुरुवात फुटबॉलपासून करावी लागेल. कोल्हापूरकरांना त्यात नवल वाटणार नाही.

माझा मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. आम्ही मंगळवार पेठेत राहतो, तेव्हा तो फुटबॉल खेळणार हे मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाच मान्य केलं होतं. जानेवारीत एका मॅचमध्ये हेडरला उडाला आणि समोरच्या पोराचं कोपर तोंडावर बसलं. वरचा पुढचा उजवा दात मुळासकट बाहेर. पोरं त्याला गाडीवर घालून दवाखान्यात घेऊन गेली, दात राहिला मैदानात. दुसऱ्या दिवशी सकाळी हे जाऊन अर्धा तास माती चाळत बसले. मिळाला नाही.

सध्या गुलाबी प्लेटचा, काढता-घालता दात दिलाय. तो तोंडात कमी आणि खिशात जास्त असतो. एकदा भेळ खाताना कागदात गुंडाळून ठेवला आणि कागदासकट टाकून आला. मग दुसरा करावा लागला.

आता कायमचं काय करायचं? राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांनी सांगितलं की इम्प्लांट (हाडात रोवलेल्या खुंटावरचा दात) वयाच्या वीस-एकवीस वर्षांपर्यंत नको, तोवर फायबर ब्रिज (शेजारच्या दातांना काचेच्या धाग्याने चिकटवलेला नकली दात) करू, शेजारचे दात घासून बारीक करावे लागणार नाहीत, चार-पाच वर्षं सहज जातील. दुसरं मत घ्यायला शाहूपुरीत गेलो. ते म्हणाले, "फायबर वर्षभरात हातात येईल, दोन्ही बाजूचे दात घासून त्यांवर मेटल-सिरॅमिक ब्रिज (आत धातू, वर सिरॅमिक) करून टाका, पंधरा वर्षं बघायला नको." सासूबाईंना दुसरं मत आवडलं, कारण त्यात "पंधरा" हा आकडा होता.

मला कुणाचं खरं मानावं कळेना. तुमच्यापैकी कुणाच्या तोंडात हा फायबर ब्रिज आहे का? किती वर्षं झाली? निघाला तर कसा निघाला?

तिरकस

आधी महत्त्वाचं सांगा. गोल झाला का?

रंकाळाकाठी

झाला. पण ऑफसाईड दिला.

तिरकस

मग दात फुकट गेला म्हणायचा.

बाकी कोल्हापुरात पूल किती टिकतो असं विचारायची पद्धत नाही. पर्यायी पूल कधी होतो असं विचारतात. शिवाजी पुलाशेजारचा, वर्षानुवर्षं रखडलेला आठवा.

कर्वेरोडवाली

माझा अनुभव वाईट आहे, आधीच सांगते. खालचा पुढचा एक दात हिरड्यांच्या त्रासाने काढावा लागला. तिथे फायबर ब्रिज बसवला. चौदा महिन्यांनी एका लग्नात जिलेबी खाताना एक बाजू सुटली. पुन्हा चिकटवला. सात महिन्यांत पुन्हा तीच बाजू. तिसऱ्यांदा अख्खाच बाहेर आला, नशीब गिळला नाही.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी तोंड नीट पाहिलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. मी रात्री झोपेत दात खाते (नवरा वीस वर्षं सांगत होता, मी मानत नव्हते), आणि ज्या दाताला ब्रिज चिकटवला होता तोच किंचित हलत होता. म्हणजे पाया हलका आणि वर रोज रात्री दळण. ब्रिजला दोष द्यावा की मला, हे अजून ठरत नाही.

दातखीळ

मी दंतवैद्य आहे, नावाने लिहीत नाही. मुलाचं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा हे उपचार सांगणं नाही, माहिती समजा. थोडं लांबेल.

रंकाळाकाठी ताई, दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी खोटं बोलत नाहीयेत. पण सोळाव्या वर्षी शेजारचे दोन धडके दात घासायला माझा हात धजणार नाही. या वयात दाताच्या आतली नस मोठी असते, वरचं कवच त्या मानाने पातळ. कॅपसाठी चारी बाजूंनी दीड मिलिमीटर काढायला गेलं की नसेला त्रास होतो आणि पुढे रूट कॅनल मागे लागतं. एका दाताचा प्रश्न तीन दातांचा होतो.

इम्प्लांट आत्ता का नको, तेही सांगतो. आपला दात हाडात थेट रुतलेला नसतो, भोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं, त्यामुळे जबडा वाढतो तसा तोही सरकत खाली येतो. इम्प्लांटचं टायटॅनियम हाडाला पक्कं धरतं, ते तिथल्या तिथे राहतं. आज ओळीत बसवलेला दात चार वर्षांनी शेजाऱ्यांपेक्षा वर गेलेला, आखूड दिसतो. मुलग्यांत चेहऱ्याची वाढ उशिरापर्यंत चालते, म्हणून थांबायचं.

आता फायबर ब्रिज. काचेच्या अतिशय बारीक तंतूंचा, एकाच दिशेला जाणारा एक धागा असतो, आधीच रेझिनमध्ये (कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेला. हातात घेतला तर मऊ, ओल्या सुतळीसारखा. शेजारच्या दातांच्या मागच्या बाजूला तो चिकटवायचा, निळ्या प्रकाशाने कडक करायचा आणि मधल्या मोकळ्या जागेत त्याच्याभोवती दाताच्या रंगाच्या कंपोझिटचे (दात भरायला वापरतात त्या मिश्रणाचे) थर देत दात घडवायचा. काही ठिकाणी हे लॅबमध्ये करून आणतात, काही जण खुर्चीतच करतात. काचेच्या धाग्यावर बरंच काम फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या लोकांनी केलंय, एव्हरस्टिक नावाचा धागा तिथलाच. अमेरिकेतला रिबाँड वेगळा, तो विणलेल्या पॉलिथिलीनच्या पट्टीचा.

आणि आता मूळ प्रश्न. काचेचा धागा सहसा तुटत नाही. मी बिघडलेले जे ब्रिज पाहिलेत त्यांत धागा मधोमध तुटलेला क्वचित. बहुतेक वेळा दोनपैकी एक झालेलं असतं: दातावरची पकड सुटलेली, नाहीतर धाग्यावरचं कंपोझिट टवका उडून गेलेलं. म्हणजे "फायबर किती टिकतं" हा प्रश्नच जरा चुकीच्या वस्तूला विचारला जातो. चिकटवण्याच्या दिवशी दात कोरडा होता का, मुलाचा चावा कसा आहे, यावर बरंचसं ठरतं.

अवांतर, पण सगळ्यांनी वाचा. पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका, घासू नका. माती असेल तर क्षणभर धुऊन जागच्या जागी परत बसवा आणि रुमाल चावून दवाखाना गाठा. ते जमत नसेल तर थंड दुधात टाका, साध्या पाण्यात ठेवू नका. अर्ध्या-पाऊण तासात पोहोचलात तर दात जगण्याची चांगली आशा असते. कोरडा पडून राहिला की मुळावरच्या पेशी मरतात. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

तिरकस

म्हणजे मॅच गंगावेशीत दूध कट्ट्यावर झाली असती तर दात वाचला असता. म्हशीचं, समोर पिळलेलं.

दातखीळ

पिशवीतलं थंड दूध उत्तम. पण कोरड्या रुमालापेक्षा तुमची म्हैसही चालेल.

शिरोलीकर

डॉक्टरसाहेब, तुम्ही जे सांगताय ते आम्ही शिरोली एमआयडीसीत रोज करतो, फक्त मापं वेगळी. मी बावीस वर्षं एफआरपीत (काचेचे तंतू घातलेल्या प्लॅस्टिकच्या कामात) आहे. फाउंड्रीवाल्यांचे पॅटर्न, टाक्या, गाड्यांचे बॉनेट. ग्लास मॅट (काचेच्या तंतूंची चटई), रेझिन, हार्डनर.

आमच्याकडे पोरगं नवीन असलं की पहिली चूक एकच करतं. मॅट नीट भिजवत नाही. रोलर घाईने फिरवतं, आत हवा राहते. सुकल्यावर तिथं पांढरट डाग दिसतो आणि सहा महिन्यांनी तिथूनच पापुद्रा सुटतो. काच मजबूतच असते, पण रेझिनने तिला चारी बाजूंनी धरलं नाही तर ती नुसती सुतळी. आणि एकदा का कडेला काचेचा तंतू उघडा पडला, की पाणी त्या तंतूच्या कडेनं आत शिरतं. टाकीला बाहेरून काही दिसत नाही, आतून ओल चढत असते.

तोंडात तर चोवीस तास पाणी. तेव्हा मी विचारेन की धागा कुठं उघडा तर राहत नाही ना.

दातखीळ

शिरोलीकर, तुम्हाला मानद पदवी द्यायला हवी. अगदी हेच. म्हणूनच हल्ली कारखान्यातच भिजवलेला धागा वापरतात, खुर्चीशेजारी भिजवलेल्या धाग्यात हवा राहण्याची भीती जास्त. आणि धागा सगळीकडून कंपोझिटखाली झाकलेला हवा. पॉलिश करताना किंवा चावा जुळवताना घासून तो उघडा पडला, तर जीभ आधी ओळखते, खरखर लागते. ते दिसलं की लगेच झाकून घ्यायचं. महिने गेले की तंतू पिंजारतात, पिवळे पडतात.

तुमच्या शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याशी आमचं अजून जवळचं नातं आहे. पत्रा रंगवण्याआधी तो काय करतो?

शिरोलीकर

फॉस्फेटिंग. आधी ग्रीस काढणार, मग फॉस्फेटच्या टाकीत बुडवणार. नाहीतर रंग धरत नाही.

दातखीळ

बरोबर. अमेरिकेत मायकेल बुओनोकोर नावाचे दंतवैद्य होते. कारखान्यांत रंग धरावा म्हणून धातूला फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तेच दातावर लावून पाहिलं. १९५५ साली त्यांचा लेख आला: ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल, तीस सेकंद, आणि मग रेझिन इनॅमलला (दाताच्या वरच्या कवचाला) घट्ट धरतं. आज आम्ही ३७ टक्क्यांच्या आसपासचं जेल वापरतो. लावून धुतलं, वाळवलं की इनॅमल खडूसारखं पांढरं दिसतं. आम्लाने तिथं सूक्ष्म खाचा पडलेल्या असतात, रेझिन त्यांत शिरून अडकतं. न घासता दात चिकटवायची अख्खी विद्या त्या एका प्रयोगावर उभी आहे.

पण त्या खडूसारख्या पृष्ठभागावर लाळेचा एक थेंब पडला की खेळ खलास. खाचा भरून जातात. मग वरून कितीही महागडा धागा लावा. म्हणून ताई, तुम्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारणार असाल तर हा विचारा: रबर डॅम लावणार का? दातांवर ताणून बसवतात तो रबरी पडदा, लाळ अडवायला.

आरसीसी

बांधकामवाला आहे, राहवेना म्हणून लिहितो. ब्रिज म्हटलं की आमचा पहिला प्रश्न असतो, सळई कुठं टाकली? बीमवर वरून वजन आलं की पोट ताणलं जातं, म्हणून सळई खाली. छज्ज्याला उलटं, तिथं वरची बाजू ताणली जाते, सळई वर. एका साईटवर सेंट्रिंगवाल्याने छज्ज्याची सळई पायाने दाबून खाली घातली होती, कॉंक्रीट पडायच्या आधी दिसलं म्हणून वाचलो. तर दातात हा धागा वर की खाली?

दातखीळ

लाख मोलाचा प्रश्न. दाढांच्या ब्रिजमध्ये तुमच्या बीमचंच गणित. चावा वरून पडतो, ताण हिरडीच्या बाजूला येतो, म्हणून धागा तिकडे जितका खाली नेता येईल तितका बरा. कंपोझिट तुमच्या कॉंक्रीटसारखं, दाब सोसतं, ताण सोसत नाही. आणि मधल्या दातातून एकच बारीक धागा नेऊन भागत नाही, कंपोझिटला आधार मिळावा म्हणून आडवे छोटे तुकडेही टाकतात. तुमच्या रिंगा म्हणा ना. ते नसले की टवके उडतात.

पुढच्या दातांत हिशोब आडवा होतो. खालचे दात वरच्यांना मागून पुढे ढकलतात. धागा मागच्या बाजूला चिकटलेला, म्हणजे नेमका खालच्या दातांच्या वाटेत. ज्याचे वरचे दात खालच्यांना खूप झाकतात, त्याच्याकडे मागे जागाच नसते. मग धागा पातळ घ्या नाहीतर रोज त्यावर आपट खा. अशा तोंडात मी हा ब्रिज करायला नको म्हणतो, किंवा आधी तारा लावून जागा करून घेतो.

छज्ज्यासारखा, एकाच बाजूच्या दाताला धरलेला ब्रिजही असतो बरं का. झिर्कोनियाचे (एका कणखर सिरॅमिकचे) तसे हल्ली बरेच करतात आणि ते चांगले टिकतात. कारण दोन शेजारी दात चावताना आपापल्या तालात किंचित हलतात. दोघांना बांधून टाकलं की ओढाताण होते आणि जो कमी पकडलेला तो सुटतो. कर्वेरोडवाल्या ताईंची "तीच बाजू" पुन्हा पुन्हा सुटत होती, ते यामुळेच असावं.

पेठेतला

ताई, मी डॉक्टर बिक्टर न्हाई, पण माझ्या तोंडात हाय म्हणून सांगतो. नऊ वर्षं झाली. वरचा पुढचाच. तालमीत गेला, जोडीदाराचं टाळकं बसलं.

पयली तीन वर्षं कळलंच न्हाई की दात नकली हाय. चौथ्या वर्षी मटणाची नळी फोडायला गेलो, खालचा टवका गेला. चूक माझी. डॉक्टरांनी वीस मिनिटांत नवं कंपोझिट लावून दिलं, सुईबी न्हाई. मग रंग बदलाय लागला. मला दिवसाला सात-आठ चहा लागतात, शेजारचे दात घासून निघतात पर ह्यो पिवळसर झाला. वरचा थर काढून परत चढवला. सातव्या वर्षी एक दिवस गार पाणी पिताना कळ आली, आणि जिभेनं दाबलं की बारीक टकटक. एक बाजू सुटली हुती. लगेच गेलो म्हणून बरं, म्हटले अजून सहा महिनं काढले असतेस तर आत कीड लागली असती. साफ करून परत चिकटवला.

म्हणजे ब्रिज तोच, पण आता त्यात मूळचा धागाच तेवढा राहिलाय. ऊस मात्र पुढच्या दातानं सोलायचं सोडलं. गुऱ्हाळावर गेलो की कोयत्यानं गंडेऱ्या करून दाढंनं खातो. लोक हसतात, हसू देत.

हिशेबनीस

आकडे शोधत होतो, दोन मिळाले, आणि दोन्ही एकत्र वाचले की डोकं फिरतं.

२००९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा: साडेचार वर्षांनंतर ७३.४ टक्के फायबर ब्रिज टिकलेले. २०१७ सालच्या तशाच एका आढाव्यात: ४.८ वर्षांनंतर ९४.५ टक्के. एका हिशोबाने चारातला एक गेला, दुसऱ्याने वीसातला एक. काळ जवळपास तोच. आता या ताईंनी मुलाला कोणत्या रांगेत उभा करायचा?

तिरकस

तिसरा आढावा येईपर्यंत थांबावं. तोवर इम्प्लांटचं वय होईल.

दातखीळ

हिशेबनीस, रास्त शंका. आठ वर्षांत चिकटवायचे पदार्थ आणि आधी भिजवलेले धागे सुधारले, हा एक भाग. पण "टिकला" कशाला म्हणायचं यातच मोठी गोम असते. वरच्या पेठेतल्या दादांचाच ब्रिज घ्या. नऊ वर्षं तोंडात आहे म्हणून टिकला म्हणायचं, की चौथ्या वर्षी टवका उडाला तेव्हाच नापास? एखादा अभ्यास दुरुस्त होऊन वापरात असलेल्याला पास करतो, एखादा पहिल्या दुरुस्तीलाच नापास करतो. दोन्ही आकडे खरे असू शकतात. आकडा विचारलात की "दुरुस्ती धरून की सोडून?" हेही विचारायचं. दोन्ही आकडे पाचेक वर्षांपर्यंतचेच आहेत, हेही ध्यानात ठेवा. दहा-पंधरा वर्षांचं आश्वासन त्यातून कुणी देऊ नये.

मेटल-सिरॅमिकचा ब्रिज दहा वर्षांनी दहातले साधारण नऊ शिल्लक असतात, ते शाहूपुरीचे डॉक्टर म्हणाले त्यात तथ्य आहे. पण तो बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा खालचा दात बिघडलेला असतो: कीड, नस मेलेली, कधी दातच मोडलेला. फायबरचा बिघडला तर तो सुटतो, आणि खाली तुमचा न घासलेला दात जवळपास जसाच्या तसा असतो. सोळा वर्षांच्या पोरासाठी मला हा फरक वर्षांच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

अजून एक. दात पडल्यावर तिथलं हाड आणि हिरडी काही महिने आक्रसत जाते. आज हिरडीला टेकवून बसवलेल्या दाताखाली उद्या काळी फट दिसायला लागते. कंपोझिट असेल तर खालून थोडं वाढवता येतं. सिरॅमिक वाढवता येत नाही. आणि शेजारच्या दातांनाही तो दणका बसलेलाच आहे, त्यांची थंडाची तपासणी आणि एक्स-रे झाल्याशिवाय त्यांच्यावर काही बांधू नका.

कर्वेरोडवाली

"दुरुस्ती धरून की सोडून" हे मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी तीन दुरुस्त्यांचे पैसे दिले आणि तरी तो "टिकला" नाही.

दातखीळ

ताई, हलणारा दात आणि रात्रीचं दात खाणं, दोन्ही आधी बघायला हवं होतं. तो दोष धाग्याचा नाही, तुमचाही नाही.

रंकाळाकाठी (२९ मार्च)

परीक्षा संपली, गुरुवारी ब्रिज बसवला. शेवटी राजारामपुरीतच. तुम्ही सांगितलेले प्रश्न कागदावर लिहून नेले होते. सासूबाईंनी विचारलं, "भाजीची यादी घेऊन दवाखान्यात कशाला चाललीस?"

रबर डॅमचं विचारल्यावर डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि "कुठं वाचलंत?" म्हणाले. मग म्हणाले, त्याशिवाय करतच नाही. दुरुस्ती धरून की सोडून, या प्रश्नावर मात्र हसले आणि खुर्ची ओढून बसले. म्हणाले, पाच वर्षांत एकदा तरी काहीतरी करावं लागेल असं धरून चाला, नाही लागलं तर पेढे घेऊन या.

आधी शेजारच्या दोन्ही दातांना बर्फासारखं थंड काहीतरी लावून बघितलं. दोन्ही जिवंत. साच्यावर चावा पाहिला, मागे जागा पुरेशी निघाली. मग निळा रबरी पडदा. पोरगं दीड तास आ वासून, बोलता येत नव्हतं, घरात अशी शांतता कधी मिळत नाही. आम्ल लावून धुतल्यावर डॉक्टरांनी मला बोलावून दाखवलं, खरंच खडू ओढल्यासारखा पांढरा पट्टा. धागा म्हणजे शेवयाची एक जाड काडी. इतक्याशा काडीवर दात उभा राहणार म्हटल्यावर पोटात गोळा आला. शिरोलीकर, तुमच्यामुळे मी "हवा राहत नाही ना?" असंही विचारलं. डॉक्टरांनी यावेळी चष्मा काढूनच बघितलं.

शेवटी निळा कागद चावायला देऊन, जबडा डावी-उजवीकडे सरकवून, जिथं डाग पडला तिथं घासलं. त्यालाच बराच वेळ लागला. आत कसा दोरा घालून साफ करायचा तेही शिकवलं, एका टोकाला कडक आणि मध्ये फुगीर असा दोरा मिळतो.

दात छान दिसतो. फोटो मागू नका, मुलाने ताकीद दिलीय.

शिरोलीकर

हवेचं विचारलंत, भरून पावलो.

आरसीसी

रिंगांचं विचारलं का?

रंकाळाकाठी

राहिलं हो! पण त्यांनी मध्ये आडवे दोन तुकडे टाकलेले मी पाहिले.

पेठेतला

आता माउथगार्ड. दुकानातला गरम पाण्यात टाकून चावायचा तो नको, मापानं करून घ्या. आणि ब्रिज बसल्यावर नवं माप द्या, जुनं असलं तर बसणार न्हाई.

रंकाळाकाठी (१४ डिसेंबर)

हा चर्चेचा धागा वर काढतेय. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला म्हणून.

नऊ महिन्यांचा हिशोब: गणपतीत भडंगाची पिशवी दाताने फाडायला गेला आणि नव्या दाताचा कोपरा उडाला. मैदानावर नाही, मटणावर नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीवर. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली, पैसे डॉक्टरांनी घेतले नाहीत. हिरडी थोडी वर गेली होती, त्याच वेळी खालून जरासं कंपोझिट वाढवून दिलं, फट गेली. धाग्याची पकड दोन्हीकडे घट्ट आहे म्हणाले. तर हिशेबनीस, आमचा ब्रिज तुमच्या एका रांगेत पास आणि एका रांगेत नापास झालाय. सासूबाईंच्या हिशोबाने नापास.

माउथगार्ड केलाय. पहिल्या मॅचला घातला, दुसऱ्या मॅचला "बोलता येत नाही, पास मागता येत नाही" म्हणून काढायला निघाला होता. त्याच्या कोचने सांगितलं, घातला नाहीस तर बाकावर बस. मी सांगून ऐकलं नसतं.

काल पहिल्यांदा शाहू स्टेडियमवर मॅच बघायला गेले. पर्समध्ये अर्धा लिटर दुधाची पिशवी. शेजारच्या बाईंनी विचारलं तर काय सांगायचं, "दातासाठी"? नव्वद मिनिटं मी बॉल कमी आणि कोपरं जास्त बघितली. काही झालं नाही. घरी येऊन चहा टाकला तर दूध फाटलं.

तिरकस

गोल?

रंकाळाकाठी

बरोबरी.

दातखीळ

पुढच्या वेळी दूध बर्फाच्या डब्यात न्या, पर्समध्ये उन्हाने नासणारच. आणि गणपतीनंतर तपासणी झाली का? सहा महिन्यांनी एकदा धाग्याच्या कडा बघून घ्या, सुटायला लागली तर पहिल्यांदा तिथेच कळतं.

रंकाळाकाठी

सोमवारची वेळ घेतलीय. पेढे नेऊ की नको?

पेठेतला

अजून चार वर्षं हायत ताई. फक्त भडंगाची पिशवी कात्रीनं फोडा.